सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतकरी

(कोलकात्यात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना सुटलेले काही तपशील लिहिताना घातले आहेत.)



मला दिलेला विषय आहे, 'देशाच्या अन्नसुरक्षेसाठी शेतकरी आणि सरकार यांनी एकत्र आलं पाहिजे'. असा विषय ऐकला की आपण लगेच माना डोलावतो. कोण म्हणेल, एकत्र येऊ नका? पण मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'एकत्र येणं' म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं: कुठल्या ओट्यावर? कुणाच्या दारात? आणि हातात कुठला कागद घेऊन?

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. परभणी जिल्ह्यात आमचं गाव आहे आणि आम्हाला जमीन नाही. बाबा वीसेक वर्षांपासून बटईनं शेती करतात. बियाणं अर्धं, खत अर्धं, राबणं सगळं आमचं, पीक अर्धं. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. बाबा खरेदी केंद्रावर नोंदणी करायला गेले. तिथं सातबारा मागितला, त्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद मागितली, आणि ज्याच्या नावाचा सातबारा त्याचंच बँक खातं मागितलं. बाबा मालकाकडे गेले. मालक वाईट माणूस नाही. पण तो म्हणाला, "तुझं नाव कुठंबी लावायचं नाही गड्या, उद्या कूळ लागलं तर?" आपल्या वाट्याचं सोयाबीन त्यानं हमीभावानं घातलं. बाबांनी ते व्यापाऱ्याला दिलं. एकाच शेतात, एकाच माणसाच्या हातानं, एकाच दिवशी काढलेलं सोयाबीन. त्यातलं अर्धं सरकारनं घेतलं, कारण ते कागदावर पिकलं होतं.

त्या रात्री मी इथून, जादवपूरच्या खोलीतून, बाबांशी फोनवर भांडले. तक्रार करा म्हणाले. ते म्हणाले, "कोणाची करू? सायेबाचं काय चुकलं? त्याला कागद लागतोय." ते खरंच होतं. म्हणून मी माझं संशोधन त्या कागदावर करायचं ठरवलं आणि त्यासाठी मला बंगालात यावं लागलं.

आता या शहराबद्दल. १९४३ साली या रस्त्यांवर लोक भुकेनं मेले. बंगालच्या दुष्काळातल्या मृत्यूंचा सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज पंधरा लाखांचा होता. अमर्त्य सेन यांच्यासह पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. ज्यांनी भात लावलं आणि कापलं, तेच खेड्यातून चालत कोलकात्यात आले आणि दारोदार 'फॅन दाओ' म्हणून ओरडत फिरले. फॅन म्हणजे भाताची पेज. भात मागायचंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. शहरातल्या मोठ्या कंपन्यांच्या कामगारांना मात्र स्वस्त धान्य मिळत होतं, कारण युद्धाचे कारखाने चालू ठेवायचे होते. म्हणजे सरकारला अन्नवाटप करता येत नव्हतं असं नाही. कुणाला वाटायचं, हे ठरलेलं होतं.

सेन यांनी १९८१च्या पुस्तकात दाखवलं की सगळ्यात जास्त मार बसला तो शेतमजूर, मच्छीमार, नावाडी आणि भात कांडणाऱ्या बायांना. वाटेकऱ्यांना तुलनेनं कमी. का? वाटेकऱ्याला मोबदला धान्यात मिळत होता. मजुराला तो पैशात मिळत होता आणि पैशाला किंमत राहिली नव्हती. बंगालात मच्छीमार कोण, शेतमजूर कोण, हे या सभागृहात फोड करून सांगायला नको. बागदी, पौंड्र, नमशूद्र, जेले. पण दुष्काळावरच्या बहुतेक पुस्तकांत व्यवसाय येतात, जाती येत नाहीत. बंगालात जात नाही, असं इथला भद्रलोक आजही आपल्याला समजावतो. इथं भाड्यानं खोली शोधताना आडनावाचा अर्थ विचारणारे मला भेटले आहेत, पण तो विषय वेगळा.

त्याच वर्षी, जुलै १९४३मध्ये, दामोदर नदीचा बांध फुटला. रेल्वेचे रूळ आणि ग्रँड ट्रंक रोड पाण्याखाली गेला, आणि ऐन दुष्काळात कोलकात्याची वाट तुटली. पुढं काय झालं ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं, आणि पाणी-वीज याच खात्यात येत होती. ३ जानेवारी १९४५ रोजी बाबासाहेब इथं, कोलकात्यात, बंगाल, बिहार आणि केंद्र सरकारच्या प्रतिनिधींना घेऊन बसले होते. विषय होता दामोदर खोरं. नुसता पूर अडवायचा नाही, तर त्याच पाण्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक उभी करायची, हा आग्रह त्यांचा होता. त्यातून १९४८ साली दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं. आपण बाबासाहेबांना महाड, नाशिक, नागपूर इथं शोधतो. कधीतरी त्यांना बर्धमानच्या कालव्यावरही शोधायला हवं.

या पुराची चौकशी करणाऱ्या समितीवर मेघनाद साहा होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचं समीकरण मांडणारे तेच साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा मुलगा, घरातला पहिलाच एवढा शिकलेला. प्रेसिडेन्सी कॉलेजात आल्यावर ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये उच्चजातीय मुलांनी त्यांच्यासोबत एका दालनात जेवायला नकार दिला, असं त्यांच्या चरित्रांत येतं. ताटाचा प्रश्न त्यांनी ताटावर बसून पाहिला होता. मला वाटतं, पुराचं पाणी शेवटी कुणाच्या ताटात जातं हे विचारायला असा माणूस लागतो.

पण इथंही थांबून चालणार नाही. मैथन आणि पंचेतची धरणं झाली, त्यात बुडालेल्या गावांत संताळ आदिवासी मोठ्या संख्येनं होते. कालव्याचं पाणी खाली बर्धमान आणि हुगळीला आलं, तिथं उन्हाळी भात उभं राहिलं. आणि आज त्या भाताच्या लावणीला पुरुलिया-बांकुड्याकडून संताळ मजुरांच्या टोळ्या येतात. या जाण्याला ते 'नामाल' म्हणतात, म्हणजे खाली उतरणं. ज्या भागातली गावं बुडाली, तिथलीच माणसं त्या पाण्यावरच्या शेतात रोजानं चिखल तुडवतात. धरण बांधू नये असं मी म्हणत नाही. आपल्या चळवळीनं पाण्याला विरोध कधीच केला नाही. महात्मा फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला सांगितलं होतं की रिकाम्या पलटणींना आणि पोलिसांना बांधबंदिस्तीला लावा, तळी बांधा. पण त्याच पुस्तकात त्यांनी हेही दाखवलं की सरकार आणि शेतकरी यांच्या मधे दप्तर घेऊन कुणीतरी बसलेला असतो. दप्तर हा शब्द तुम्ही लक्षात ठेवा.

बाबासाहेब १९४६ साली संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबईतून नाही, बंगालातून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं, हे आपल्याला पाठ असतं. पण बंगालचे प्रतिनिधी असतानाच, १९४७ साली, त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिलं. त्यातला शेतीवरचा भाग आपण वाचतच नाही. शेती हा सरकारी उद्योग करावा, जमीन सरकारकडे असावी, ती गावकऱ्यांच्या गटांना जात-धर्म न पाहता कसायला द्यावी, म्हणजे जमीनदारही नको, कूळही नको आणि भूमिहीन मजूरही नको. पाणी, बैल, अवजारं, बी, खत यांचा पैसा सरकारनं द्यावा. शेतकरी आणि सरकार यांच्या एकत्र येण्याचा याहून सरळ आराखडा मला माहीत नाही. १९१८च्या तुकडेजमिनीवरच्या निबंधातही त्यांनी म्हटलं होतं की तुकडा लहान आहे हा खरा रोग नाही, त्यावर लावायला भांडवल नाही हा आहे. सामुदायिक शेतीबद्दल तुमचे आक्षेप असतील, माझेही आहेत. रशियात काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. पण 'शेतकरी म्हणजे जमिनीचा मालक' हे समीकरण त्यांनी मोडलं होतं, आणि ते आपण पुन्हा जोडून ठेवलं.

ज्या महिन्यांत ते हे लिहीत होते, त्याच महिन्यांत बंगालात तेभागा चालू होतं. वाटेकरी म्हणत होते, पिकाचे तीन भाग करा, दोन आमचे. १९४०च्या फ्लाउड कमिशननंही हेच सुचवलं होतं. आणि दुसरी मागणी अशी की कापलेलं भात मालकाच्या खळ्यावर जाणार नाही, आमच्या खळ्यावर येईल. खळं कुणाचं, यावरून गोळ्या झाडल्या गेल्या. कारण ज्याच्या खळ्यावर रास, त्याच्या हातात माप.

मग १९७८. डाव्या आघाडीचं सरकार आदल्या वर्षी आलं होतं, आता ऑपरेशन बर्गा सुरू झालं. बर्गादार म्हणजे बटईदार. कायदा आधीपासून होता: बर्गादारानं बी-खत स्वतः घातलं तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा त्याचा, मनमानी पद्धतीनं त्याला काढता येणार नाही, आणि हा हक्क मुलाकडेही जाईल. पण नोंद नव्हती. नोंद का नव्हती? तलाठ्यासारखा अधिकारी गावात आला की उतरायचा मालकाच्या घरी, चहा मालकाचा, आणि यादीही मालक सांगेल ती. त्या वेळचे भूमिसुधारणा आयुक्त देवव्रत बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीतच उलटी केली. हुगळी जिल्ह्यात हालुसाई गावी शिबिर झालं, तिथं अधिकाऱ्यांनी बोलायचं नव्हतं, वाटेकऱ्यांचं ऐकायचं होतं. त्यानंतर ठरलं की सभा संध्याकाळी घ्यायची, कारण दिवसा माणूस शेतात असतो. वस्तीत घ्यायची. एकेकट्याला बोलवायचं नाही, एकटा माणूस घाबरतो, सगळ्यांना एकत्र बोलवायचं. तिथंच यादी करायची, दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन पडताळायची, गावात लावायची, हरकती सगळ्यांसमोर ऐकायच्या, आणि तिथंच कागद हातात द्यायचा.

मी ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मला वाटत होतं क्रांती म्हणजे काहीतरी मोठं असेल. इथं तर फक्त सभेची वेळ बदलली होती आणि बसायची जागा.

सुमारे पंधरा लाख बर्गादारांची नोंद झाली. त्यांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास अनुसूचित जाती-जमातींचे होते, आणि वाटलेल्या जमिनीचे पट्टे मिळालेल्यांत तर निम्म्याहून जास्त. पिकावर काय परिणाम झाला? अभिजित बॅनर्जी, पॉल गर्टलर आणि मैत्रीश घटक यांनी २००२ साली दाखवलं की नोंदणीमुळे भाताची उत्पादकता वाढली. उद्या आपल्याला हाकलणार नाहीत हे कळलं की माणूस जमिनीत जास्त घालतो, एवढंच. ज्यांना हक्काची भाषा नकोशी वाटते, त्यांच्यासमोर ही उत्पादनाची भाषा ठेवा. वाटेकऱ्याला कागद देणं हे अन्नसुरक्षेचंच काम आहे.

कौतुक संपलं. आता उरलेलं. याच सरकारनं १९७९ साली मरीचझांपीत दंडकारण्यातून आलेल्या नमशूद्र निर्वासितांची नाकेबंदी केली, त्यांच्यावर पोलीस घातले. ती माणसं तिथं भात आणि मासळी पिकवू पाहत होती. दंडकारण्यातल्या त्या वसाहतींची गावं आपल्या गडचिरोलीतही आहेत, तिथले नमशूद्र महाराष्ट्रात अनुसूचित जातीत धरले जात नाहीत. दुसरं म्हणजे, बर्गाची नोंदणी पुढं थंडावली. आज पूर्व बर्धमानमध्ये मी ज्या गावात काम करते, तिथं जुना बर्गादार कमी आणि हंगामापुरता ठोक्यानं जमीन घेणारा जास्त. बटाट्याला तीन महिने, उन्हाळी भाताला चार महिने, पैसे आगाऊ, सगळं तोंडी. त्याचा कागद कुठंच नाही.

तिथल्या बागदीपाड्यात एक मावशी आहेत, त्यांच्याकडे मी जेवते. त्या आणि त्यांचा मुलगा दोन बिघे ठोक्यानं करतात. मागच्या हंगामात त्यांचं भात फडेनं नेलं. फडे म्हणजे गावात फिरून माल उचलणारा दलाल. सरकारी केंद्रावर हमीभाव असतो, २०२५-२६साठी साध्या भाताला क्विंटलला २३६९ रुपये. पण तिथं नोंदणी लागते, तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि वर 'ढलता' कापतात, म्हणजे ओल आणि कचऱ्याच्या नावानं वजनातून वजा. आपल्याकडं त्यालाच कडता म्हणतात. नाव बदललं तरी तराजू तोच. मावशींना आगाऊ घेतलेले पैसे आठवड्यात फेडायचे होते. त्यांनी फडेला दिलं.

मग त्याच मावशी रेशनच्या दुकानात रांगेत उभ्या राहिल्या. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य, २०२३पासून मोफत. पश्चिम बंगालमध्ये राज्य सरकारच भात खरेदी करतं, गिरणीतून भरडून घेतं आणि तोच तांदूळ रेशनला देतं. मी मावशींना विचारलं, हा तांदूळ तुमच्याच भाताचा असेल का? त्या हसून म्हणाल्या, असेल, पण विकला दुसऱ्याच्या नावावर. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव आहे, कारण कायद्यानं घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख. म्हणजे खाणारी म्हणून सरकार त्यांना ओळखतं. पिकवणारी म्हणून ओळखत नाही.

खाणारी म्हणून तरी नीट ओळखतं का? सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ साली पाच राज्यांतल्या रेशन आणि शाळेतल्या जेवणाची पाहणी मांडली होती: दलित वस्तीपासून लांब दुकान, कमी माप, दलित बाईनं शिजवलेलं न खाणं. त्याला वीस वर्षं झाली. आणि लाभार्थ्यांची संख्या आजही २०११च्या जनगणनेवर, ८१ कोटींच्या आसपास, अडकलेली आहे. त्यानंतर जन्मलेल्यांची भूक आकड्यात नाही.

आता 'शेतकरी' कोण ते पाहू. २०११च्या जनगणनेत जमीन कसणारे ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी. शेतात राबणाऱ्यांत मजूर जास्त आहेत. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशींनंतर आलेल्या २००७च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या आहे, तिच्यात भूमिहीन मजूर, वाटेकरी, कूळ, मच्छीमार, वनउपज गोळा करणारे आदिवासी, सगळे येतात. ही व्याख्या सरकारनंच केलेली आहे! पण २०१९ला पीएम-किसान आली तेव्हा वर्षाला सहा हजार फक्त जमीनधारक कुटुंबाला. त्याच वर्षी पश्चिम बंगालनं कृषकबंधू योजना आणली, तिच्यात नोंद झालेला बर्गादारही बसतो आणि वर्षाला किमान चार हजार, कमाल दहा हजार मिळतात. म्हणजे १९७८ साली कंदिलाच्या उजेडात केलेली यादी चाळीस वर्षांनी पैसे वाटायला कामी आली. आणि मावशी बसत नाहीत, कारण त्या यादीनंतर कुणी यादी केली नाही.

महाराष्ट्रात २०२५पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. आधी दप्तर कुलकर्ण्याकडे होतं, मग तलाठ्याकडे आलं, आता सर्व्हरवर आहे. बाबांचं नाव तिन्ही ठिकाणी नाही. आपल्या कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ला कसणाऱ्याला मालक केलं हे खरं, पण ज्यांना मालकानं त्याआधीच काढलं, किंवा जे मुळात मजूरच होते, त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं. आणि त्याच कायद्याची भीती दाखवून आजचा मालक बटईदाराचं नाव लागू देत नाही.

आपल्या माणसांना हे आधीच कळलं होतं. १९६४ साली रिपब्लिकन पक्षानं पंतप्रधान शास्त्रींना मागण्यांचं निवेदन दिलं आणि ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. तीन लाखांवर लोक तुरुंगात गेले असं चळवळ सांगते, त्यात बाया लेकरं घेऊन गेल्या. त्या निवेदनात कसेल त्याला जमीन होती, पडीक जमीन भूमिहीनांना होती, किमान वेतन होतं, आणि त्याच कागदावर धान्याचं पुरेसं वाटप आणि महागाईवर नियंत्रणही होतं. जमीन आणि रेशन एकाच कागदावर. पुढं आपण ते दोन मोर्चे केले आणि मग दोन्ही सोडून फक्त शिष्यवृत्ती आणि नोकरी धरली. मी शिष्यवृत्तीवरच शिकते, तिला कमी लेखत नाही. पण आपण पदवीधर झालो आणि सातबारा वाचायला विसरलो, हे मला माझ्याबद्दलही म्हणावं लागतं. दादासाहेबांच्या नावानं २००४पासून योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. २०१८पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या गावात तिचा अर्ज भरून पाहिला? मी नाही भरला. बाबांना विचारलं तर म्हणाले, सरकारी भावात कोण जमीन विकतंय?

काय मागायचं, यावर माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. मालकी आणि कसणूक यांची नोंद वेगळी करा, आणि कसणुकीच्या नोंदीनं मालकी जाणार नाही हे कायद्यात स्वच्छ लिहा, म्हणजे मालकाची भीती जाईल. आंध्रनं २०१९ला कसणाऱ्याला कार्ड देणारा कायदा केला, पण त्यात मालकाची सही लागते. तिथंच ते अडतं. सही मालकाची नको, साक्ष गावाची हवी, वस्तीतल्या संध्याकाळच्या सभेत दिलेली. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहून काढायचा असतो. मग शेतात जो उभा आहे त्याचंच नाव त्यावर का नको? आणि मजूर बायांच्या बचत गटांना भाड्यानं जमीन घेऊन कसता आली पाहिजे, त्यांचा माल केंद्रावर गटाच्या नावानं गेला पाहिजे. कुणी म्हणेल, यानं मूळ जमिनीचा प्रश्न मागं पडेल. पडू शकतो, बंगालात तसं झालंही. तरी बाबा पुढच्या आठवड्यात हरभरा पेरणार आहेत, त्यांना वाटणीचा निकाल लागेपर्यंत थांबा असं मी सांगू शकत नाही.

पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. आपापल्या गावचा, घरचे लोक ज्या शेतात राबतात त्या गटाचा, सातबारा ऑनलाइन काढून आणा. पीकपाहणीचा रकाना वाचा, आणि घरी फोन करून विचारा, तिथं लिहिलेलं पीक खरंच कुणी पेरलं होतं. आता प्रश्न असतील तर घेऊ.